स्वित्झर्लंडमधला शियों उर्फ चिलॉन किल्ला भारतातून आलेल्या वयस्क पाहुण्यांना दाखवण्याइतका चांगला आहे का?

हो, दाखवा. सरळ उत्तर एवढंच. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सासरे रायगड-राजगड कोळून प्यायलेले आहेत, "पाण्यातला किल्ला म्हणजे जंजिरा, बाकी सगळी शोभेची कामं" असं त्यांचं ठाम मत आहे आणि गुडघेही कुरकुरतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी लोझानला राहते. तिथून शियों अर्ध्या-पाऊण तासावर, त्यामुळे भारतातून कुणी आलं की आमच्याकडे हा ठरलेला कार्यक्रम असतो. मागच्या उन्हाळ्यात माझे मामा आले होते. त्यांचं आणि तुमच्या सासऱ्यांचं गोत्र एकच दिसतंय, तेव्हा त्यांच्याबरोबरची फेरीच सांगते.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. जंजिऱ्याशी तुलना केली तर शियों मार खातो. जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून जायचं, दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, आत कलालबांगडीसारखी तोफ. शियों म्हणजे जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकाला, काठापासून हाकेच्याही नव्हे, कुजबुजीच्या अंतरावरचा एक खडक. साधारण १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद. मधे अरुंद पाणी, त्यावर छोटा झाकलेला पूल, की तुम्ही आत. सासरे पुलावरच म्हणतील, "एवढंच?" म्हणू द्या.

मामांनी मात्र तसं म्हटलं नाही, आणि त्याला कारण आहे. मामांची अख्खी नोकरी मुंबई महापालिकेच्या जकात खात्यात गेली. मुलुंड, दहिसर, मानखुर्द, सगळे नाके करून झाले. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला आणि जकात बंद झाली तेव्हा ते निवृत्त झालेले होते, पण त्या दिवशी घरात सुतक असल्यासारखे बसले होते असं मामी सांगते. तर हे मामा बसमधून उतरले आणि किल्ल्याकडे पाठ करून डोंगराकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, "मामा, किल्ला इकडे आहे." ते म्हणाले, "किल्ला पळून जात नाही गं. आधी रस्ता बघू दे."

तुम्हीही सासऱ्यांना तसंच उभं करा. समोर डोंगर जवळजवळ थेट पाण्यात उतरलाय. डोंगर आणि सरोवर यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरते, तिच्यातून रेल्वे जाते, गाड्यांचा रस्ता जातो, आणि जागाच उरली नाही म्हणून मोठा महामार्ग वर डोंगराच्या अंगाला खांबांवर चढवलाय. त्याच कड्याच्या पोटात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्विस लष्कराने कोरलेला तोफांचा किल्ला आहे. आता तिथे संग्रहालय आहे. म्हणजे सातआठशे वर्षांनंतरही लष्कराला अडवायला हीच जागा सुचली. मामांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि निकाल दिला: "हा किल्ला नाही, हा नाका आहे. इथून चुकवून कोण जाणार?"

अगदी बरोबर. इटलीतून आल्प्स ओलांडून फ्रान्सकडे किंवा उत्तरेकडे जायचे त्या काळचे जे मुख्य रस्ते, त्यातला एक २,४६९ मीटर उंचीच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून येतो. रोमन काळापासून चालू असलेला रस्ता. खिंड उतरली की ऱ्होन नदीच्या खोऱ्याने सरोवरापर्यंत यायचं, आणि सरोवराला लागलं की या पट्टीतून जायचं. दुसरी सोयीची वाट नाही. रोमला जाणारे यात्रेकरू, लोकर आणि कापडाचे गठ्ठे, मीठ, मसाले, घोडे, सगळं याच बोळातून. बाराव्या शतकापासून इथे सॅव्हॉय या आल्प्समधल्या राज्याच्या काउंटांचा, म्हणजे तिथल्या सरदार-राजांचा, अंमल होता. त्यांनी आल्प्सच्या खिंडी दोन्ही बाजूंनी धरून ठेवल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून वसुली करत आपलं राज्य वाढवलं. १२१४ मध्ये पहिल्या थॉमसने इथून दोनेक किलोमीटरवर विल्नव्ह हे बाजाराचं गाव वसवलं. माल तिथे उतरायचा, जकात तिथे भरायची, आणि डोक्यावर बंदूक म्हणा किंवा धनुष्य म्हणा, ते शियोंचं.

आता मामा ज्यावर सगळ्यात खूश झाले ते. या किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख ११५० चा आहे. तो कशात आहे? लढाईच्या वर्णनात नाही, राजाच्या स्तुतीत नाही. सॅव्हॉयच्या तिसऱ्या हम्बर्टने ओक्रे नावाच्या मठातल्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंना शियोंवरून विनाशुल्क जाण्याची सवलत दिली, त्या सनदेत आहे. मी हे सांगितल्यावर मामा पुलावर थांबले. "पहिला कागद माफीचा? मग त्याआधी वसुली दणक्यात चालू असणार. वसुलीच नसेल तर माफी कोण मागतं?" मी इतक्यांदा हा किल्ला पाहिलाय, पण इतिहासाचा इतका नेमका युक्तिवाद कुठल्याही ऑडिओ गाईडने मला ऐकवलेला नाही. पुढे हसून म्हणाले, "आमच्याकडेही पहिल्या फायली धार्मिक संस्थांच्याच."

पुलावरून आत जायच्या आधी भिंत बघून घ्या, कारण या इमारतीला दोन तोंडं आहेत. रस्त्याकडचं तोंड कपाळाला आठ्या घातलेलं: तीन अर्धगोल बुरूज, जंग्या म्हणजे मारा करायच्या फटी, वर बाण मारायच्या आणि दगड टाकायच्या जागा. सरोवराकडचं तोंड मात्र एखाद्या हवेलीचं आहे. उंच, नक्षीदार गॉथिक खिडक्या, दिवाणखाने, निजायच्या खोल्या. एकीकडून दरडावायचं, दुसरीकडे पाय पसरून पाणी बघत बसायचं. हे बरंचसं बांधकाम तेराव्या शतकाच्या मध्यातलं, दुसऱ्या पीटरच्या, म्हणजे सॅव्हॉयच्या पिएरच्या वेळचं. किल्ला म्हणून आपण जो एक आकार डोळ्यांपुढे आणतो तसा तो नाही; वेगवेगळ्या काळात बांधलेल्या पंचवीसेक इमारती चौकांभोवती एकमेकींना चिकटल्यात.

आत गेल्यावर पहिली गाठ तळघरांशी. इथे घाई करू नका. सरोवराच्या बाजूला खाली उतरलं की कमानींचं छत आणि मधे खांबांची रांग, एखाद्या देवळाच्या सभामंडपासारखी प्रमाणबद्ध. पण एका बाजूची भिंत बांधलेली नाही, तो मूळचा खडकच आहे, वाकडातिकडा, जमिनीतून वर आलेला आणि छताला भिडलेला. गवंड्याने खडक फोडायच्या भानगडीत न पडता त्याच्यावरच कमान टेकवली आहे. मामा त्या सांध्यावर हात फिरवत बराच वेळ उभे होते. भिंतीत उंचावर बारीक खिडक्या आहेत. ऊन असेल तर पाण्यावरचा उजेड त्यातून आत येतो आणि छतावर हलत राहतो. ढगाळ दिवशी ही जागा नुसती गार आणि उदास वाटते, म्हणून जमलं तर उन्हाचा दिवस निवडा.

ही तळघरं बांधली कोठारं म्हणून. नंतर तुरुंग झाली, आणि तुरुंग म्हणूनच जगभर गाजली. फ्रान्स्वा बोनिवार हा जिनिव्हाच्या एका मठाचा प्रमुख. जिनिव्हावर सॅव्हॉयच्या ड्यूकची सत्ता त्याला नको होती. १५३० मध्ये त्याला पकडलं. पहिली दोन वर्षं जरा बऱ्या खोलीत, पुढची चार वर्षं इथे खाली, खांबाला साखळदंडाने बांधून. १५३६ मध्ये बर्न या स्विस नगरराज्याच्या फौजेने किल्ला घेतला आणि तो सुटला. सुटल्यावर काही खचून वगैरे गेला नाही. जिनिव्हाला परतला, तिथला इतिहास लिहिला, आयुष्यात चार लग्नं केली आणि १५७० पर्यंत जगला. हा भाग कवितेत येत नाही.

कविता म्हणजे इंग्रज कवी बायरनची. १८१६ च्या जूनमध्ये बायरन आणि त्याचा कवी-मित्र शेली सरोवरात नाव घेऊन फिरत इथे आले. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याची राख वातावरणात पसरून युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पावसाने त्यांना लोझानच्या उशी नावाच्या बंदरात अडकवून ठेवलं आणि तिथे बसून बायरनने शियोंच्या कैद्यावर ती प्रसिद्ध कविता लिहिली. कवितेतला कैदी आणि खरा बोनिवार यांचा संबंध बेताचाच. कवितेत त्याच्या डोळ्यांदेखत मरणारे दोन भाऊ ही बायरनची भर. पण तेव्हापासून पर्यटकांची रीघ लागली ती आजतागायत. तिसऱ्या खांबावर बायरनचं नाव कोरलेलं आहे, त्याच्याच हातचं म्हणतात, आणि त्यावर काच लावली आहे. मामांनी ते वाचलं आणि म्हणाले, "आपल्याकडे गडावर कुणी नाव कोरलं तर आपण कान धरतो. इथे कवी निघाला म्हणून काच लावली." सासऱ्यांची प्रतिक्रिया याहून सौम्य असेल अशी आशा ठेवू नका.

वरच्या मजल्यांवर मोठमोठे दिवाणखाने आहेत: लाकडी छतं, माणूस उभा राहील एवढ्या शेकोट्या, काळ्या दगडाचे खांब. पुष्कळ लोक इथे नाराज होतात, कारण खोल्या रिकाम्या आहेत. राजवाडा म्हटल्यावर पलंग, झुंबरं, गालिचे हवे असतात. पण रिकामेपणा हेच खरं चित्र आहे. सॅव्हॉयचा दरबार एका जागी राहत नसे. या किल्ल्यातून त्या किल्ल्यात फिरत असे आणि जाताना पडदे, बिछाने, भांडी सगळं पेटाऱ्यांत भरून बरोबर नेत असे. म्हणून इथे मांडून ठेवलेले जुने लाकडी पेटारे बघा, त्यांना चुकवू नका. एरवी इथे राहायचा तो काउंटचा अधिकारी. त्याला किल्लेदार म्हणा, पण तो मामलेदारही होता आणि न्यायाधीशही. कर गोळा करायचा, दुरुस्त्या करायच्या, कैदी सांभाळायचे आणि ठरल्या वेळी सगळा हिशेब वरच्या तपासनिसांपुढे ठेवायचा. हे हिशेब कातड्याच्या पट्ट्या एकीला एक शिवून केलेल्या लांबच लांब गुंडाळ्यांवर लिहिलेले असत, आणि सॅव्हॉयच्या कारभाराच्या अशा कित्येक गुंडाळ्या आजही इटलीत तुरिनच्या दफ्तरखान्यात जपलेल्या आहेत. कुठल्या छपराला किती खिळे लागले इथपर्यंत नोंदी. मामांना हे सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आणि ऑडिटचे आक्षेप?" तेही असत. तपासनीस खर्च नामंजूर करत. मामांचा चेहरा असा उजळला की शेजारून जाणाऱ्या जपानी आजोबांनीही हसून मान हलवली.

काउंटच्या खासगी खोलीत भिंतीवर चौदाव्या शतकातली रंगवलेली झाडं आणि पशू अजून ओळखू येतात. मूळ रंग कुठले आणि नंतरचे कुठले हे जवळ गेलं की कळतं. जवळच सेंट जॉर्जचं छोटं प्रार्थनाघर आहे, तेही रंगवलेलं. आणि ज्यांना गडांचा नाद आहे त्यांनी शौचकूप बघितल्याशिवाय खाली उतरू नये. जाड लाकडी फळी, तिला भोकं, खाली दगडी नळी, आणि नळीचा शेवट थेट सरोवरात. वाकून बघितलं की खाली पाणी चमकतं आणि वारा वर येतो. मामा म्हणाले, "राजगडावर यापेक्षा आडोसा बरा." मी वाद घातला नाही.

एक गोष्ट पाहुण्यांना सांगायची की नाही हे तुम्ही ठरवा, मी सांगते. १३४८ मध्ये प्लेग पसरत होता, आणि ज्यूंनी विहिरींत विष कालवलं अशी अफवा उठली. त्या सप्टेंबरमध्ये विल्नव्हच्या ज्यूंना धरून याच किल्ल्यात आणलं, छळ केला आणि कबुलीजबाब लिहून घेतले. ते कागद इथेच राहिले नाहीत. त्यांच्या नकला स्ट्रासबर्गला पाठवल्या गेल्या, आणि तिथे फेब्रुवारी १३४९ मध्ये शेकडो ज्यूंना जाळलं. विहिरींत विष नव्हतंच. मामा हे ऐकून काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने जिन्यात म्हणाले, "शिक्का असला की लोक विचारत नाहीत."

उरलेला इतिहास फारसा नाट्यमय नाही. बर्नने १५३६ मध्ये किल्ला घेतला तेव्हा लांबलचक वेढा वगैरे काही झाला नाही. पुढे १७९८ पर्यंत किल्ला बर्नच्या ताब्यात होता. मग इथला व्हो प्रांत बर्नपासून स्वतंत्र झाला आणि किल्ला त्या प्रांताकडे आला. काही काळ कैदी आणि शस्त्रं ठेवली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला नीट अभ्यास करून दुरुस्ती सुरू झाली. मोठी लढाई झाली नाही म्हणूनच तो इतका धड उभा आहे. आपले गड १८१८ नंतर इंग्रजांनी वाटा फोडून, तट पाडून निकामी केले, हे सासऱ्यांना तिथे आठवणारच. मामांनाही आठवलं होतं.

आता गुडघ्यांचं. लिफ्ट नाही. चौकांत गोटे बसवलेत, तळवा घसरतो, तेव्हा चप्पल नको, बूट घाला. तळघरं आणि मुख्य दिवाणखाने कठड्याला धरून सावकाश जमतात. मधल्या उंच मनोऱ्याचा जिना अरुंद आणि चढा आहे. वरून दों दु मिदीची हिमशिखरं आणि सगळं सरोवर सुंदर दिसतं, पण गुडघा दुखत असेल तर ते सोडा. तटावरच्या लाकडी फांजीवरून, म्हणजे पहाऱ्याच्या वाटेवरून, चालताना मिळणारा देखावा त्याच्या बराच जवळ जातो. मामा मनोऱ्यापाशी खालीच बसले आणि मला वर पाठवलं, "फोटो काढून आण, मी चढलो असं मामीला सांगू." दोन तास लागतात. तुमच्या सासऱ्यांसारखा माणूस असेल तर तीन धरा.

तिकीट मोठ्यांना १५ फ्रँकच्या घरात आहे. त्याचा रुपयांत गुणाकार मोठ्याने करू नका. पाहुण्यांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर प्रवेश त्यातच येतो. माँत्रो किंवा व्हव्हे या जवळच्या गावांतल्या हॉटेलात मुक्काम असेल तर हॉटेलवाले रिव्हिएरा कार्ड देतात, त्यावर सवलत मिळते आणि बसही फुकट. माँत्रोहून २०१ नंबरची बस दारात सोडते. पाय धड असतील तर माँत्रोहून काठाकाठाने चालत या, तासाभराची सपाट वाट आहे, फुलझाडं, बाकं, मधेमधे पाण्यात उतरायच्या पायऱ्या. डबा बरोबर घ्या. आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन अशाच एका बाकावर बसलो होतो, किल्ला समोर ठेवून. खायला बसायची ही जागा मी कुठल्याही उपाहारगृहापेक्षा वर ठेवीन.

सकाळी उघडल्या उघडल्या जा. अकरानंतर बसगाड्या भरून गट येतात आणि बोनिवारच्या खांबापाशी सेल्फीची रांग लागते. परतताना मात्र बोटीने निघा, धक्का किल्ल्याच्या बाजूलाच आहे. नशीब असेल तर वाफेवर चालणाऱ्या जुन्या चाकांच्या आगबोटींपैकी एखादी मिळते. तिच्या मधोमध उघडं इंजिन आहे, पितळी दांडे फिरताना दिसतात, आणि मामांनी किल्ल्याइतकाच वेळ त्यावर घालवला. सरोवराकडचं ते हवेलीचं तोंड फक्त पाण्यावरूनच पुरं दिसतं. बोटी मोसमाप्रमाणे कमी-जास्त होतात, तेव्हा वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा. शेवटची चुकली तर बस आहेच.